पवनीच्या वस्तुसंग्रहालयाला वीज कुठली?



'अपारंपरिक ऊर्जा : काळाची गरज' हा निबंध आपल्या मुलांना कुठल्या ना कुठल्या इयत्तेत लिहावाच लागतो. मुलं तो छान लिहितात. सूर्य, वारा, पाणी, जैवभार. प्रत्येकाचे चार फायदे, दोन तोटे आणि शेवटी 'म्हणून आपण सर्वांनी सौरऊर्जेचा वापर केला पाहिजे'. आपणही दहापैकी आठ गुण देऊन मोकळे होतो. पण खरं सांगा, या निबंधात मुलानं निवड कुठं केली? निवड करायची तर समोर एखादी गरज पाहिजे, जागा पाहिजे, खर्च करणारा माणूस पाहिजे. हे काहीच नसताना सूर्य चांगला की वारा चांगला हे विचारणं म्हणजे कोणासाठी ते न सांगता 'चप्पल कुठल्या मापाची चांगली' असं विचारण्यासारखं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की हा विषय आठवी-नववीला शिकवताना मुलांना एकच इमारत द्यावी आणि तिच्यासाठी वीज कुठून आणायची ते ठरवायला सांगावं. आपल्या भंडारा जिल्ह्यासाठी मला सुचलेली इमारत म्हणजे पवनीचं वस्तुसंग्रहालय. कल्पनेतलंच समजा. शाळा किंवा दवाखाना का नाही, संग्रहालयच का, ते पुढे येईलच.

पवनी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. वैनगंगेचा काठ, गावाभोवतीचा जुना तट, देवळं. १९६९-७० साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी मिळून इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला. जगन्नाथ टेकडीत बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या कठड्याचे दगडी खांब, त्यांवर कोरलेले लेख, खापरं, नाणी असं पुष्कळ काही मौर्य-सातवाहन काळापर्यंत मागे नेणारं सापडलं. म्हणजे मुंबई-पुण्याचं नावही कोणी ऐकलं नव्हतं तेव्हा आपली पवनी नांदतं शहर होती. पण पवनीची ही श्रीमंती पाहायची तर आपल्या मुलांना बसमध्ये बसवून नागपूरला न्यावं लागतं, मध्यवर्ती संग्रहालयात. आपण त्याला अजब बंगला म्हणतो. १८६३ सालचं ते संग्रहालय जरूर दाखवावं, त्याबद्दल तक्रार नाही. पण उद्या पवनीकरांनी 'आमचे खांब आमच्या गावात ठेवा' असं म्हटलं, तर समोरून पहिला प्रश्न येणार, 'ठेवायची सोय काय?' आणि सोय म्हटलं की छप्पर, पहारा आणि वीज. मुलांना हा प्रश्न दिला की ऊर्जेचा धडा एकदम त्यांच्या गावाचा होतो.

आता वर्गात काय होतं ते सांगते. इमारतीचं नाव काढताच पहिला हात वर जातो, 'बाई, गच्चीवर सोलर बसवू!' दुसरा म्हणतो, 'गोसीखुर्दची वीज आहे ना!' तिसरा, ज्याच्या घरचा राईस मिलशी संबंध असतो, तो तुसाची आठवण काढतो. पवनचक्की हमखास कोणीतरी म्हणतंच, कारण पुस्तकात चित्र असतं. सगळी उत्तरं फळ्यावर लिहून घ्यावीत आणि मग शांतपणे विचारावं, 'किती वीज लागेल?' वर्ग गप्प होतो. धडा इथून सुरू होतो.

किती वीज लागेल हे कळायला आत काय ठेवणार हे आधी ठरवावं लागतं. संग्रहालयाची गंमत इथेच आहे. शाळेत वीज माणसांसाठी लागते, संग्रहालयात ती वस्तूंसाठीही लागते, आणि वस्तू रात्री घरी जात नाहीत. दगडी खांबाला एसी लागत नाही. तो दोन हजार वर्षं पवनीच्या उन्हातच होता. खापरांचंही तसंच. तांब्याच्या नाण्यांना आणि आपल्या भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांना मात्र दमट हवा सोसत नाही. जुन्या पोथ्या आणि कापड ऊन, उजेड, दमटपणा, कसर या सगळ्यांना भितात. त्यांच्यावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पाडू नये असं संग्रहालयवाले मानतात, म्हणजे आपल्या वर्गात असतो त्याच्या कितीतरी कमी. तेव्हा उजेडाचं बिल तर आपोआपच कमी झालं.

अनेक वर्षं जगातल्या मोठ्या संग्रहालयांनी तापमान वीस-एकवीस अंश आणि आर्द्रता पन्नास टक्के, तीही जवळजवळ न हलणारी, असा नियम पाळला. थंड देशातला नियम, आणि त्यासाठी यंत्रं रात्रंदिवस चालायची. पुढे त्यांनाच विजेचं बिल आणि हवामानबदल दिसू लागला. २०१४-१५ च्या सुमारास बड्या संग्रहालयांच्या संचालकांच्या बिझो गटाने हा नियम सैल केला. बऱ्याच वस्तूंना १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता चालते, फक्त एका दिवसात फार चढउतार नको, असं ठरलं. शेवटचा भाग मुलांना दोनदा सांगावा. वस्तूचं नुकसान नुसत्या उष्णतेनं होतं त्यापेक्षा रोजच्या चढउतारानं जास्त होतं. लाकूड फुगतं, आकसतं, पुन्हा फुगतं. म्हणजे दिवसा पाहुण्यांसाठी एसी लावायचा आणि संध्याकाळी पाच वाजता बंद करून कुलूप लावायचं, हा वीज खर्च करून वस्तू खराब करण्याचा उद्योग झाला. असा एसी असण्यापेक्षा नसलेला बरा.

आता आकडेमोड. ही मुलांकडूनच करून घ्यावी, गणिताच्या सरांना हाताशी घेऊन. समजा, आपलं संग्रहालय लहान आहे. दहा वॉटचे साठ एलईडी दिवे आठ तास, ४.८ युनिट. तीस वॉटचे वीस पंखे आठ तास, पुन्हा ४.८. (जुने पंचाहत्तर वॉटचे घेतले तर १२ युनिट होतात, हेही करून दाखवा.) कॅमेरे आणि धोक्याची घंटा मिळून १५० वॉट, पण चोवीस तास, म्हणून ३.६. संगणक आणि पाण्याची मोटर धरून ३. बेरीज सोळाच्या आसपास. पोथ्या, कापड आणि नाणी यांच्यासाठी एक बंद खोली ठेवली, तिथला एसी दिवसरात्र सरासरी ०.८ किलोवॉट घेतो असं धरलं तर आणखी १९. एकूण पस्तीस युनिट रोजचे.

आपल्या भागात एक किलोवॉटचे सौर पॅनेल वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला साधारण चार युनिट देतात आणि शंभर चौरस फूट जागा घेतात. पस्तीसला चारानं भागा, नऊ किलोवॉट. जागा नऊशे चौरस फूट. आता दुसरं गणित घाला. सगळ्या दालनांत मिळून दहा एसी, प्रत्येकी ताशी १.२ युनिट, आठ तास. ९६ युनिट वाढले. आता तेहतीस किलोवॉट लागतात आणि तेहतीसशे चौरस फूट जागा. मुलांच्या लक्षात येतं की 'सौर की पवन' याच्या आधीचा प्रश्न 'एसी की ओसरी' हा आहे.

ओसरी म्हटलं ते मुद्दाम. आपल्या आजोबांच्या घराच्या जाड भिंती, कवेलूचं छप्पर, चारही बाजूंनी ओसरी, मधे चौक, उंचावर झरोके, ही सगळी न दिसणारी वीजच होती. मे महिन्यात भंडाऱ्यात पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा सिमेंटच्या स्लॅबखाली आणि कवेलूखाली उभं राहून पाहा. कोणी मूल म्हणेल, 'बाई, कूलर लावू की!' विदर्भातलं मूल ते म्हणणारच. कूलर वीज कमी खातो हे खरं, पण तो गार करतो पाणी हवेत सोडून. दगडाच्या दालनात मे महिन्यापुरता चालेल. पितळेच्या आणि पोथ्यांच्या खोलीत नको.

मागणी ठरली. आता फळ्यावरच्या उत्तरांकडे वळू.

पवनचक्की लवकर निकालात निघते. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनावर अवलंबून असते. वेग निम्मा झाला की शक्ती निम्मी नाही, आठवा भाग उरते. म्हणून महाराष्ट्रातल्या पवनचक्क्या साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर, सांगली, धुळे-नंदुरबारकडे दिसतात. आपल्या तळ्यांच्या आणि धानाच्या सखल मुलखात नाही. चित्र छान आहे, एवढंच.

गोसीखुर्दचं उत्तर जास्त वेळ घेण्यासारखं आहे. धरण पवनी तालुक्यातच आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पायथ्याशी वीजही तयार होते. पण ती संग्रहालयाला वेगळी तार टाकून मिळत नाही. ती ग्रिडमध्ये जाते आणि तिथं सगळ्यांच्या विजेत मिसळते. म्हणजे महावितरणचं मीटर घेतलं की थोडी गोसीखुर्दची, बरीचशी कोळशाची वीज आपल्याकडे आलीच. निवडीचा प्रश्नच नाही. आणखी एक. निबंधात आपण जलविद्युतचा फायदा म्हणून 'प्रदूषण होत नाही' लिहायला शिकवतो. तुमच्या वर्गात पुनर्वसित गावातलं मूल असेल तर त्याला विचारा, तोट्याच्या रकान्यात काय लिहायचं. त्याच्या आजीला ते पाठ असतं. जे पाण्याखाली गेलं त्यातलं काही याच संग्रहालयात ठेवावं असं मला वाटतं, पण तो वेगळा लेख होईल.

तूस हे खरं भंडाऱ्याचं उत्तर. मला स्वतःला ते मनापासून आवडतं आणि म्हणूनच ते नाकारायला वेळ लागतो. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस निघतो. गॅसिफायरमध्ये जाळला तर एका युनिटला दीडेक किलो लागतो. पस्तीस युनिटांना रोज पन्नासेक किलो, म्हणजे अडीच क्विंटल धानाचा तूस. आपल्या जिल्ह्यात हे काहीच नाही. बिहारमध्ये २००७ साली तमकुहा नावाच्या गावात हस्क पॉवर सिस्टिम्सने तुसावर वीज करून घराघरांत दिवे लावले होते. मग आपल्याला का नको? कारण ते यंत्र सांभाळायला रोज माणूस लागतो. डांबरासारखा चिकट पदार्थ साफ करावा लागतो, काळं पाणी कुठंतरी सोडावं लागतं, राख उरते, आणि तुसाचा ढीग म्हणजे धूळ, उंदीर, किडे. ज्या घरात पोथ्या ठेवायच्या त्याच्या मागच्या अंगणात हे नको. शिवाय तूस आता फुकट राहिलेला नाही. मिलवाले स्वतःच्या बॉयलरला वापरतात, उरलेला विकतात. त्या बिहारच्या कंपनीनेही पुढे सौर पॅनेलची जोड घेतली. राईस मिलला तूस शोभतो, संग्रहालयाला नाही. एकच इंधन एका इमारतीला योग्य आणि शेजारच्या इमारतीला अयोग्य असू शकतं, हे मुलांना कळलं तर माझ्या मते अर्धा धडा झाला.

मग उरलं सौर. संग्रहालय दिवसा उघडं असतं, ऊनही दिवसाच असतं, जोडी जमते. पण इथंही मुलांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. उन्हाळा कडक म्हणून वीज जास्त, असं आपण सहज बोलून जातो. पॅनेलला उजेड पाहिजे, उष्णता नको. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला त्याची ताकद ०.४ टक्क्याच्या आसपास घटते. मे महिन्याच्या दुपारी पॅनेल पासष्ट अंशांपर्यंत तापलं तर सोळा टक्के तिथंच गेले. दुसरीकडे श्रावणात ढग दाटले की उत्पादन निम्म्यावर येतं, आणि नेमकं तेव्हाच दमटपणा वाढून त्या एका खोलीची यंत्रं सर्वांत जास्त चालतात. म्हणजे आपली गरज आणि सूर्य यांची वर्षातून दोन-तीन महिने चुकामूक होते. म्हणून महावितरणची तार तोडून 'स्वावलंबी' व्हायचा हट्ट धरू नये. नेट मीटरिंग घ्यावं. उन्हाळ्यात उरलेले युनिट ग्रिडला द्यावेत आणि पावसाळ्यात लागतील ते घ्यावेत.

आता पालकांसाठीही उपयोगाची गोष्ट, कारण घरावर सोलर बसवणारे इथं बरेच फसतात. बॅटरी नसलेली ग्रिडला जोडलेली साधी सौर यंत्रणा लाईन गेली की बंद पडते, भर दुपारी ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या दिशेनं आलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून ती तशी केलेलीच असते. घरात पंखा बंद पडून चालेल. संग्रहालयात कॅमेरे आणि धोक्याची घंटा बंद पडून चालत नाही. म्हणून थोडी बॅटरी लागतेच, पण सगळ्या इमारतीसाठी नाही. आपल्या हिशेबातल्या १५० वॉटसाठी आणि रस्ता दिसण्यापुरत्या दिव्यांसाठी. ती मुख्य इमारतीबाहेर वेगळ्या खोलीत ठेवावी.

पॅनेल कुठं बसवायचे हाही प्रश्नच आहे. गच्चीवर, हे उत्तर मला घाईचं वाटतं. स्लॅबला भोकं पाडली की आपल्याकडच्या पावसात गळती आलीच, आणि खाली वस्तू. कवेलूचं छप्पर असेल तर विचारूच नका. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संग्रहालयाने २००८ मध्ये नवी इमारत उघडली. तिच्या मुख्य छपरावर माती घालून झाडं लावली आहेत आणि सौरघट आहेत ते भोवतीच्या बाहेर काढलेल्या छत्रावर. आपण पॅनेल गाड्या उभ्या करायच्या शेडवर बसवू. शाळेच्या बसलाही सावली मिळेल. नऊशे चौरस फुटांची शेड काही मोठी गोष्ट नाही. फक्त केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी असते आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, हे पवनीसारख्या ठिकाणी जागा ठरवतानाच बघावं लागेल.

एवढं झाल्यावर वर्गात मी रिओ दि जानेरोची गोष्ट सांगते. ब्राझीलच्या या शहरात डिसेंबर २०१५ मध्ये 'उद्याचं संग्रहालय' उघडलं. सूर्याबरोबर हलणारे पंख, त्यांवर सौर पॅनेल, थंडाव्यासाठी समुद्राच्या खाडीचं पाणी. जगभर फोटो छापले गेले. त्याच शहरात १८१८ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय संग्रहालय होतं, दोन कोटींच्या आसपास वस्तू असलेलं. त्याच्या देखभालीला वर्षानुवर्षं पैसे मिळत नव्हते. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री ते जळालं. पोलिसांच्या तपासात आग सभागृहातल्या एसीपासून सुरू झाल्याचं निघालं. जळालेल्या वस्तूंमध्ये आता कोणी बोलत नाही अशा आदिवासी भाषांची ध्वनिमुद्रणंही होती. हे ऐकल्यावर 'कुठली ऊर्जा' यापेक्षा 'वायरिंग कोण बघतं' हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात.

म्हणून फळ्यावरच्या तक्त्यात मी एक रकाना हट्टानं घालते : सातव्या वर्षी कोण सांभाळणार? उद्घाटनाला फीत कापायला सगळे असतात. सातव्या वर्षी इन्व्हर्टर बिघडतो, धुळवडीनंतरची धूळ आणि कबुतरांची घाण पॅनेलवर साचलेली असते, पुरवठादाराचा फोन लागत नाही. तुमच्या पाहण्यातही असे सौर दिवे असतील, खांब आहे, पॅनेल आहे, उजेड नाही. आपल्या संग्रहालयाच्या अंदाजपत्रकात पॅनेल धुवायला पाणी आणि माणूस, इन्व्हर्टर बदलायचे पैसे आणि दरवर्षी वायरिंग तपासणारा परवानाधारक इलेक्ट्रिशियन, या तीन ओळी नसतील तर त्या गटाचे गुण मी कापते, मग चित्र कितीही सुबक असो.

माझं उत्तर तुम्हाला कळलंच असेल : जाड भिंती आणि ओसरी, एकच बंद खोली, शेडवर नऊ-दहा किलोवॉट, नेट मीटर, थोडी बॅटरी. पण हे उत्तर मुलांना आधी सांगू नका. गटांना वेगवेगळी उत्तरं काढू द्या. एखादा गट तुसाची बाजू माझ्याहून चांगली मांडेल, यंत्र अर्धा किलोमीटर लांब मिलमध्येच ठेवू म्हणेल. त्याला तारेचा खर्च काढायला सांगा. दोन तासिका लागतात. तिसऱ्या तासिकेला निबंधाचा तोच जुना विषय द्या, नावात फक्त एक बदल करून : 'पवनीच्या वस्तुसंग्रहालयासाठी ऊर्जा'. आलेल्या वह्यांपैकी चांगले दोन-चार निबंध मुलांची नावं न घालता मला पाठवा, इथं छापू. पवनीच्या आसपासच्या शाळांचे आले तर आधी त्यांचे.